वाचकांचे प्रश्न : डोंगरातली पहिली अल्ट्रा

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयाची आहेत. रस्त्यावरच्या एक-दोन मॅरेथॉन पूर्ण केलेले अनेक वाचक आता डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीकडे वळू पाहत आहेत. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरहून लांब असलेल्या कोणत्याही शर्यतीला अल्ट्रा म्हणतात, एवढीच तिची व्याख्या आहे. मात्र डोंगरातल्या अल्ट्राची खरी मागणी किलोमीटरच्या आकड्यात दिसत नाही, आणि आलेले बहुतेक प्रश्न त्या आकड्यापाशीच अडलेले आहेत. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझे वय ४४ वर्षे आहे. सहा वर्षे रस्त्यावर पळतो आहे, चार मॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत आणि आठवड्याला साधारण ४० किलोमीटर धावणे होते. येत्या डिसेंबरमध्ये सिंहगड–राजगड–तोरणा या वाटेवरची ५३ किलोमीटरची शर्यत करण्याचे मनात आहे. मॅरेथॉनपेक्षा ती ११ किलोमीटरच जास्त आहे. रविवारचे अंतर थोडे वाढवले तर पुरेल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : रविवारचे अंतर वाढवून भागणार नाही, कारण ही शर्यत मॅरेथॉनपेक्षा ११ किलोमीटरने नव्हे, कित्येक तासांनी लांब आहे. डोंगरातल्या वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: चालणाऱ्याला सपाटीवरच्या दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे एखाद्या ५० किलोमीटरच्या वाटेवर एकूण २,००० मीटर चढाई असेल, तर चालणाऱ्याला तेरा तासांहून अधिक वेळ लागेल. तुम्ही सपाटीवर आणि सोप्या उतारावर पळाल, त्यामुळे त्याहून लवकर पोहोचाल. पण चढाईचा हिशेब कोणालाच चुकत नाही. म्हणून शर्यतीच्या नकाशावर अंतरापेक्षा आधी एकूण चढाईचा आकडा पाहा, आणि आजपासून सरावाची नोंद किलोमीटरमध्ये न ठेवता तासांमध्ये आणि चढलेल्या मीटरमध्ये ठेवा.

तुमच्या हातात जुलैपासून धरले तर सुमारे २२ आठवडे आहेत. सध्या तुम्ही आठवड्याला चार-साडेचार तास पळत असाल. ते हळूहळू वाढवत नोव्हेंबरच्या सुरुवातीला नऊ-दहा तासांपर्यंत न्या. तीन आठवडे वाढवत जावे आणि चौथ्या आठवड्यात निम्म्याच्या जवळ आणावे, म्हणजे स्नायूंना आणि विशेषतः सांध्यांभोवतालच्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्यांना, सावरायला वेळ मिळतो. दम महिन्याभरात वाढतो, कंडरांना कित्येक महिने लागतात, आणि बहुतेक दुखापती या दोहोंमधल्या अंतरातून होतात. ऑक्टोबरपासून शनिवारी चार-पाच तास डोंगरात आणि लगेच रविवारी थकलेल्या पायांनी दोन तास, अशी जोडी दोन आठवड्यांतून एकदा ठेवा. सहा-सात तासांची सर्वांत मोठी फेरी शर्यतीच्या चार-पाच आठवडे आधी एकदाच करावी. ५० किलोमीटर आधी पळून पाहण्याची गरज नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत सराव उतरवत न्यावा. चाळिशी उलटलेली असल्याने हे सारे सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्या; चार मॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत म्हणून ती टाळू नका.

पावसाळ्यात किल्ल्यांच्या वाटांचा मोह आवरावा असे माझे स्पष्ट मत आहे. शेवाळलेला कातळ कोणत्याही बुटाला दाद देत नाही आणि शनिवार-रविवारी वाटांवर गर्दी इतकी असते की सराव होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जवळची टेकडी आणि घरातले ताकदीचे व्यायाम यांवर भर द्या. ऑक्टोबरमध्ये चिखल वाळला की मुरमाड उतारांवर घसारा, म्हणजे पायाखालून निसटणारी सुटी माती-खडी, सुरू होतो, आणि डिसेंबरमध्ये तुम्हाला तोच भेटणार आहे. म्हणून खरा डोंगरातला सराव तेव्हापासून.

आता या पत्रात तुम्ही न विचारलेल्या, पण मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट चढावर चालण्याची. सिंहगडाची आतकरवाडीची वाट तीन किलोमीटरच्या आत साडेपाचशे-सहाशे मीटर चढते. पहाटे त्या वाटेवर दह्याची मडकी डोक्यावर घेऊन गडावर निघालेल्या मावश्या दिसतात. त्यांच्या मागे राहून एकदा नीट पाहा. पाऊल लहान असते, पूर्ण तळवा दगडावर टेकतो, मान स्थिर असते, आपापसांत बोलणे चालू असते आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत गतीत काही फरक पडत नाही. पहिल्या टप्प्यात त्यांना मागे टाकून धावत गेलेले आमच्यासारखे लोक अर्ध्या वाटेवर कमरेवर हात ठेवून उभे असतात, आणि त्या शांतपणे पुढे निघून जातात. मी चढ चढायला त्यांच्याकडे पाहून शिकलो. तीव्र चढावर धावणे आणि झपाट्याने चालणे यांच्या वेगात फारसा फरक पडत नाही, पण श्रमात खूप पडतो. चढावर शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर पहिल्या अल्ट्रासाठी ती गती जास्त आहे असे समजा. चालणे हा सरावाचाच भाग आहे. आठवड्यातील एक दिवस केवळ चढ चालण्यासाठी राखून ठेवा.

दुसरी गोष्ट उताराची. रस्त्यावरून आलेला धावपटू चढाला घाबरतो आणि उतारावर सुटतो. माझ्या पहिल्या अल्ट्रामध्ये मी हेच केले. पहिल्या गडावरून खाली येताना पाय हलके होते, अनेकांना मागे टाकत आलो आणि पायथ्याशी पाणी प्यायला थांबलो तेव्हा मांड्या आपोआप थरथरत होत्या. पुढच्या चढावर ते जाणवले नाही. त्यानंतरच्या उतारावर मात्र प्रत्येक पायरीला गुडघा दुमडू लागला, आणि जी वाट मी एरवी पाऊण तासात उतरतो ती बाजूच्या गवताला धरून, काही ठिकाणी चक्क बसून, सव्वादोन तासांत उतरलो. दमाला काहीही झाले नव्हते. मांड्यांनी साथ सोडली होती.

याचे कारण असे की उतारावर मांडीचा पुढचा स्नायू आकुंचन पावत असतानाच ताणला जातो. शरीराचे वजन तो प्रत्येक पावलाला झेलून धरतो, आणि या प्रकारच्या कामात त्याचे तंतू सर्वाधिक फाटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे दुखते ते हेच. समाधानाची बाब ही की स्नायू हे फार लवकर शिकतो: एकदा उताराचा मार बसला की पुढचे काही आठवडे तोच उतार त्याला बराच कमी इजा करतो. म्हणून ऑगस्टपासून टेकडीवर दहा-पंधरा मिनिटांचे उतार घ्या, ऑक्टोबरपासून आठवड्यातून एकदा मोठा उतार, आणि शर्यतीच्या साधारण दोन-तीन आठवडे आधी शेवटचा जोरदार उतार. पावले लहान आणि भराभर टाकावीत, नजर तीन-चार पावले पुढे असावी, अंग मागे टाकून टाचांवर घसरत येऊ नये. घरात जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभे राहून दुसरी टाच मोजून तीन सेकंदांत खालच्या पायरीला टेकवावी आणि पुन्हा वर यावे. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे चढताना आणि पुढे तोरणा उतरताना या कंटाळवाण्या व्यायामाची किंमत कळते.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. तीन तासांहून अधिक पळाले की मळमळते. बाजारात मिळणारी ऊर्जेची गोड, चिकट जेल तर घशाखालीही उतरत नाहीत. दहा-बारा तास काय आणि किती खावे? पाण्याचे प्रमाण काय असावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लांब शर्यत मध्येच सोडावी लागण्यामागे पोट बिघडणे हे एक फार मोठे कारण असते, त्यामुळे हा प्रश्न तुम्ही सरावातच विचारलात हे चांगले झाले. धावताना रक्त स्नायूंकडे आणि उन्हात त्वचेकडे वळते, आतड्यांना ते कमी मिळते. अशा वेळी तेलकट, तंतुमय किंवा फार गोड पदार्थ पोटात तसाच पडून राहतो आणि मळमळ सुरू होते. यावर दोन उपाय आहेत. पहिला, गती कमी करणे. मळमळ सुरू होताच दहा मिनिटे चालावे, बहुतेक वेळा ती ओसरते. दुसरा, पोटाला सराव देणे. आतडी धावता धावता साखर शोषून घ्यायला शिकतात, पण त्यासाठी दर आठवड्याच्या लांब फेरीत शर्यतीच्याच पदार्थांनी खाणे आवश्यक आहे.

प्रमाण तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके इतके धरावे. पहिल्या अल्ट्रासाठी ४० ग्रॅम हे गाठता येण्याजोगे लक्ष्य आहे. एक मध्यम केळे आणि बिया काढलेले तीन लहान खजूर यांत जवळजवळ तेवढे मिळतात. माझ्या पिशवीत नेहमी असतात ते मीठ आणि जिरेपूड लावलेले लहान उकडलेले बटाटे. सोलून, अॅल्युमिनियमच्या कागदात दोन-दोनच्या पुड्या बांधून पुढच्या खिशात ठेवलेले. गोडाचा वीट येतो तेव्हा, आणि पाच-सहा तासांनी तो येतोच, हे बटाटे तारून नेतात. चिक्की ऊर्जेला उत्तम आहे, पण धापा टाकताना ती चावता येत नाही; राजगिऱ्याचा लाडू कोरड्या तोंडात घशाशी बसतो. हे दोन्ही पदार्थ थांब्यावर, हातात पाणी असताना खावेत. मऊ दहीभात अनेकांना मानवतो. साबुदाण्याची खिचडी तुपा-शेंगदाण्यामुळे जड पडते, ती आदल्या दिवशीच बरी. भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या पाऊण तासापासून दर २०-२५ मिनिटांनी दोन-तीन घास, असा नियम ठेवा.

पाण्याच्या बाबतीत मात्र घड्याळ लावू नका. तहान लागेल तसे प्या. सरावाच्या एखाद्या फेरीआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. एक किलो कमी झाले असेल तर प्यायलेल्या पाण्याव्यतिरिक्त सुमारे एक लिटर घाम गेला आहे. थोडी घट स्वाभाविक आहे. वजन वाढले असेल, तर ती धोक्याची खूण आहे. तासन्‌तास नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम पातळ होते, बोटे सुजतात, अंगठी घट्ट होते, डोके दुखते, उलट्या होतात आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. पाहणाऱ्याला वाटते की याला पाणी कमी पडले, आणि तो आणखी पाणी पाजतो. त्यामुळे प्रकृती अधिक बिघडते, जिवावरही बेतू शकते. बोलण्यात गोंधळ जाणवला की पाणी थांबवून थेट वैद्यकीय पथकाकडे न्यावे. एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेले कोकम सरबत, अशी विभागणी मला सोयीची वाटते. मिठामुळे अति पाण्याचा धोका टळत नाही, एवढे लक्षात असू द्या.

प्रश्न : मी मूळची पुण्याची, आता नेदरलँड्समध्ये नोकरी करते. डिसेंबरच्या सुट्टीत घरी येऊन सह्याद्रीत माझी पहिली अल्ट्रा करायची आहे. येथे चढ असा नाहीच. काय करावे?
— एक वाचक, डेल्फ्ट

उत्तर : तुमच्या देशाच्या युरोपातील भूमीवरील सर्वांत उंच जागा, दक्षिण टोकाची फाल्सरबर्ग टेकडी, ३२२ मीटरची आहे आणि तीही तुमच्यापासून दूर, तेव्हा जिना हाच तुमचा गड. बारा मजली इमारत एका फेरीत सुमारे ३६ मीटर देते, पंधरा फेऱ्यांत ५४० मीटर होतात, म्हणजे जवळजवळ सिंहगड. एका दिवशी जिन्याने चढून लिफ्टने उतरा. दुसऱ्या दिवशी लिफ्टने जाऊन जिन्याने उतरा. वर सांगितलेला मांड्यांचा सराव याच दिवशी होतो, आणि ट्रेडमिलवर तो मिळत नाही. ट्रेडमिल १२ ते १५ टक्के चढावर ठेवून झपाट्याने चालण्यासाठी उत्तम आहे. महिन्यातून एकदा उत्तर हॉलंडमधील स्खोर्लच्या वाळूच्या टेकड्यांवर जा. त्या ५० मीटरहून उंच आहेत आणि सरकत्या वाळूत घोट्यांना जी सवय लागते ती घसाऱ्यावर कामी येते.

तुमची दुसरी अडचण उन्हाची आहे. डिसेंबरची पहाट थंड असली तरी दुपारी उघड्या माचीवर ऊन चांगलेच तापते, आणि थेट युरोपच्या हिवाळ्यातून आलेल्या शरीराला ते झेपत नाही. उष्णतेशी जुळवून घ्यायला एक ते दोन आठवडे लागतात. शक्य असेल तर दहा-बारा दिवस आधी या आणि रोज तासभर दुपारच्या वेळी चाला.

प्रश्न : उतारावर गुडघ्याची वाटी दुखते. लांब फेरीपूर्वी वेदनाशामक गोळी घेतली की त्रास होत नाही. शर्यतीच्या दिवशी दोन गोळ्या जवळ ठेवाव्यात का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, आणि सरावातही आजपासून बंद करा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी करतात. लांब शर्यतीत शरीरातले पाणी आधीच घटलेले असते, शिवाय फाटलेल्या स्नायूंतून रक्तात उतरलेली द्रव्ये मूत्रपिंडालाच गाळावी लागतात; अशा वेळी ही गोळी म्हणजे त्याच्यावर तिसरे ओझे होय. शर्यतीनंतर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली किंवा बराच वेळ झालीच नाही, तर घरी वाट न पाहता रुग्णालयात जावे.

वाटीभोवतालचे दुखणे बहुतेक वेळा उताराचे प्रमाण एकदम वाढल्यामुळे आणि मांडी-नितंबाचे स्नायू त्या मानाने कमकुवत असल्यामुळे होते. तीन आठवडे उतार बंद ठेवा, चढ आणि सपाटी चालू ठेवा आणि फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा. पत्रावरून निदान करणे योग्य नाही. किंचित दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ण जात असेल, तर सराव चालू ठेवता येतो. पाय ओढत चालावे लागत असेल, तर त्या दिवशी तिथेच थांबावे.

प्रश्न : ट्रेलसाठी, म्हणजे डोंगरवाटांसाठी, वेगळे बूट घ्यावेतच का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : होय. तळाला खोल दात असलेले, आणि नेहमीपेक्षा अर्धा क्रमांक मोठे, कारण काही तासांनी पाय सुजतात आणि उतारावर बोटे पुढे आपटून नखे काळी पडतात. दुकानात संध्याकाळी जा, शर्यतीचेच मोजे घालून पाहा आणि शर्यतीपूर्वी त्या बुटांत किमान शंभर किलोमीटर करा. सर्वांत महाग जोड घेण्याची आवश्यकता नाही.

प्रश्न : आयोजकांच्या सक्तीच्या यादीत जॅकेट, चकचकीत आपत्कालीन ब्लँकेट, शिट्टी आणि हेडटॉर्च आहे. महाराष्ट्रात, तेही डिसेंबरमध्ये, हे ओझे कशासाठी? आणि शर्यत सोडायची वेळ आली तर ती केव्हा सोडावी?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. १७२ धावपटू निघाले. दुपारी उंचावरच्या टप्प्यात अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. बरेच जण आखूड चड्डी आणि पातळ बनियनवर होते, वाऱ्यापासून वाचवणारे जॅकेट सक्तीचे नव्हते. २१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत अतिशय अनुभवी धावपटूही होते. सहा जणांना एका मेंढपाळाने आपल्या गुहेत नेऊन, शेकोटी पेटवून वाचवले.

सह्याद्रीत तशी गारपीट डिसेंबरमध्ये क्वचितच होते, हे खरे. पण घोटा मुरगळून तुम्ही रात्री एखाद्या खिंडीत बसलात, तर मदत पोहोचायला दोन तास सहज जातात. तोवर घामाने भिजलेले कपडे, माथ्यावरचा वारा आणि थांबलेले शरीर एवढे कुडकुडायला पुरेसे आहे. हे सगळे सामान मिळून पाणी वगळता एक किलोही भरत नाही. टॉर्चच्या सुट्या बॅटऱ्या घ्यायला विसरू नका, आणि सरावाच्या किमान दोन फेऱ्या याच पिशवीसह अंधारात करा, कारण टॉर्चच्या उजेडात दगडाची उंची फसवी दिसते. रात्रीच्या सरावाला एकट्याने जाऊ नये, ही माझी सर्वच वाचकांना विनंती आहे.

शर्यत सोडण्याबद्दल. थकवा, कंटाळा, रडू येणे, पुन्हा कधी पळणार नाही असे वाटणे, हे सारे बहुधा कमी खाल्ल्याने होते. बसा, खा, पंधरा मिनिटांनी पुन्हा ठरवा. पण चालताना तोल जात असेल, छातीत दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, पाय टेकवत नसेल किंवा सोबतचा म्हणत असेल की तुम्ही भलतेच बोलत आहात, तर पुढच्याच थांब्यावर शर्यत सोडावी, आणि तिथवरही चालवत नसेल तर आहात तिथेच बसून शिट्टी वाजवावी. थांब्यावर बिब क्रमांक (छातीवर लावलेला शर्यतीचा क्रमांक) सांगून नोंद केल्याशिवाय निघू नका. ओळखीच्या गाडीत बसून परस्पर घरी गेलेल्या एका धावपटूसाठी गावातली पोरे आणि स्वयंसेवक रात्री अडीचपर्यंत रानात हाका मारत फिरत होते, आणि त्या स्वयंसेवकांत मीही होतो.